तळव्याचा शेक

त्या साली मिठागराचा हंगाम उशिरानं लागला. मार्गशीर्षात अवकाळी पाऊस कोसळला, नवघरच्या आगरातले बांध फुटले, तापत आलेलं खारं पाणी वाहून गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून भरतीचं पाणी घेऊन वाफे भरावे लागले. जे मीठ माघात दिसायचं ते फाल्गुन सरता दिसलं. आता वैशाख संपायच्या आत सगळं खरडायचं, राशी घालायच्या, वरून गवतानं शाकारायच्या, म्हणजे माणसानं उन्हाकडं बघायचं नाही आणि स्वतःच्या पायाकडं तर नाहीच नाही. आणि नेमका दगडूचा पायच रुसला.

रुसला म्हणजे दुखत होता असंही नाही. उजवं पाऊल टाकताना तो अडखळायचा. तीस वर्षं ज्या बांधावरून तो डोईवर पाटी घेऊन धावला, त्याच बांधावर आता खाली बघून पाऊल ठेवायचा. एकदा पाटीसकट वाफ्यात बसला. टोळीतले हसले, तोही हसला, पण बाबाजी मुकादम हसला नाही. संध्याकाळी त्यानं दगडूला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पाय धड नसेल तर घरी बस, तुझा वाफा मी दुसऱ्याला देतो. बाबाजी माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर मालक बसलेला, आणि मालकाच्या डोक्यावर बिल्डर घिरट्या घालत होते. आगराची जागा आज ना उद्या जाणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. एकदा वाफा सुटला की पुढल्या साली कोण हाक मारतो? ज्यांचे सुटले ते नव्या बिल्डिंगींच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते, कुणाचीही गाडी आली की उठायचे.

दगडूनं घरी येऊन एवढंच सांगितलं की पाय जड झालाय, जरा शेकून दे.

आता शेक म्हटलं की त्याच्या बायकोला, शकूला, वेगळं सांगायला नको. नवघरच्या आळीत शकूचा हात म्हणजे हात. बाळंतिणीची कंबर असो, म्हाताऱ्याचा गुडघा असो, पोराच्या पोटात वारा धरलेला असो, बोलावणं तिलाच यायचं. अलीकडं तर बिल्डिंगीतल्या बायाही यायला लागल्या होत्या. मुंबईतल्या दोन खोल्या विकून इथं आलेल्या, नवरा फोर्टात नाहीतर बँकेत, आणि घरात करायला सासू नाही. पहिल्या मजल्यावरच्या संपदाला बाळंतपणात शकूनं चाळीस दिवस शेकलं होतं. ती मावशी मावशी करून जीव टाकायची.

शकूला ही विद्या सासूकडून आली. सरूबाई जाऊन दहा वर्षं झाली, पण तिची वाक्यं अजून चुलीपाशी बसलेली असायची. ताज्या दुखण्याला गार, जुन्याला गरम. मुरगळलं, सुजलं, लाल झालं तर मासळीबाजारातून बर्फाचा खडा आण, फडक्यात बांध, लाव. ताप डोक्यात चढला तर कपाळावर गार पाण्याची घडी. पण जे मुरलं, जे वाताचं, जे थंडीपावसानं हाडात जाऊन बसलं, त्याला मिठाचा शेक. आपल्याच आगराचं जाडं मीठ, लोखंडी तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम शेवटी. पुरचुंडी किती तापली हे आपल्या हातानं बघायचं नाही. आपले हात चुलीनं आणि मिठानं निबर झालेले, ते खोटं सांगतात. ज्याचं दुखणं, त्याचं कातडं खरं सांगतं. तो पुरे म्हणेस्तोवर हात थांबवायचा नाही.

पंचवीस वर्षांत हा नियम एकदाही चुकला नव्हता. शहाण्या बाईनं घालून दिलेला नियम, चुकेल कशाला?

पहिल्या दिवशी शकूनं दगडूला ओट्यावर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि तळव्याला पुरचुंडी टेकवली. आगऱ्याचा तळवा तो. भेगांत मीठ भरलेलं, टाच दगडासारखी. तिनं हळूहळू टेकवत टेकवत दाबून धरायला सुरुवात केली. दुसरं कुणी असतं तर दहाव्या टेकणीला हाय हाय केलं असतं. दगडू शांत बसून बिडी ओढत होता.

"लागतंय का?"

"लाव, लाव. बरं वाटतंय."

शकूला काय आनंद झाला म्हणून सांगू! लोकांच्या घरी जाऊन लोकांची दुखणी काढणाऱ्या बाईला आपल्या माणसाचं दुखणं काढायला मिळालं होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, दगडूनं कधी तिच्या हातचं जेवण बरं झालं असं म्हटलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी म्हणायला लागला, बरं वाटतंय. ती रोज मीठ थोडं जास्त तापवायला लागली.

लेक हेमाली बारावी होऊन नवघर नाक्याजवळच्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात नंबर लावायला बसायची. पोरगी अबोल, पण डोळे उघडे. चार दिवस तिनं हा प्रकार पाहिला आणि पाचव्या दिवशी डॉक्टरांना विचारून आली. डॉक्टर म्हणाले होते, वडिलांना घेऊन ये, रक्त तपासू, साखर असेल. साखरेनं पायाची जाणीव जाते. आणि तोवर पायाला गरम काही लावू नका.

हे सांगताना बिचारी अर्धं बोलली, अर्धं गिळलं. आईला शेकाबद्दल सांगायचं म्हणजे भटजीला मंत्र शिकवायचे. शकूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुझ्या डॉक्टरनं बाबाचा पाय बघितला का? नाही ना? न बघता सांगतो आणि तू मान डोलावतेस? तुझ्या जन्माच्या वेळी माझी कंबर कुणी उभी केली, डॉक्टरनं का तुझ्या आजीनं? दगडू तर खो खो हसला. जन्मभर मिठात राहिलेल्या माणसाला साखर कुठून येणार, म्हणाला. हेमालीनं तरी एकदा म्हटलं, बाबा, नुसतं रक्त तर देऊन या. दगडू म्हणाला, राशी शाकारून झाल्या की जाऊ. बाबाजीनं एक दिवस खाडा बघितला तर वाफा गेला.

हेमालीनं तेव्हा भांडायला हवं होतं, असं ती पुढं म्हणाली असती तर तिचं चुकलं नसतं. पण ज्या घरात आईचा हात आणि बाबाचा शब्द चालतो तिथं एकोणीस वर्षांच्या पोरीनं किती भांडायचं?

वैशाख लागला. तीन राशी उरल्या होत्या. दगडू आता उजवा पाय चक्क ओढत चालायचा, पण बाबाजी समोर आला की दात आवळून सरळ टाकायचा. त्या दिवशी सोमवार होता. चारच्या सुमाराला तो लवकर आला, कारण पाटी घेऊन बांधावरून खाली आला तेव्हा पायातली चप्पल मागं चिखलात राहिली आणि त्याला पत्ताच लागला नाही. टोळीतल्या एकानं ओरडून सांगितलं तेव्हा कळलं. हे त्यानं शकूला सांगितलं नाही. फक्त म्हणाला, आज चांगला कडक दे.

शकूनं दुप्पट मीठ भाजलं. तडतडून काळपट झालं तेव्हा उतरवलं. दोन पदरी फडक्यात बांधलं. टेकवत बसायला तिला वेळ नव्हता, नळाला पाणी यायची वेळ झाली होती आणि आळीत एकच नळ. म्हणून तिनं असं केलं, जे ती एरवी कुणाला करत नसे. पुरचुंडी तळव्याखाली ठेवली आणि वरून पट्टीनं घोट्याला बांधून टाकली.

"पोळलं तर सोडा हां," ती म्हणाली.

"सोडतो."

रांगेत भांडण झालं, पाणी बारीक होतं, तिला पाऊण तास लागला. दोन हंडे घेऊन आली तर दगडू भिंतीला टेकून झोपला होता. तोंड उघडं, चेहरा सैल. इतक्या दिवसांत तिनं त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. तिनं हंडे आवाज न करता ठेवले. पट्टी सोडायला ती वाकलीसुद्धा होती, पण जाग येईल म्हणून सोडली नाही. झोपू दे, म्हणाली. मग भाकऱ्या थापायला बसली. ते वाकणं आणि पुन्हा सरळ होणं, तेवढंच तिला जन्मभर पुरणार होतं.

सकाळी तळव्यावर पुरीएवढा फोड होता. आत पाणी डचमळत होतं. शकू त्याच्या पायाशी खाली बसली. अवो, हे पोळलं, तुमी सोडलं का न्हाय? दगडूनं पाय उचलून बघितला, जसा काही दुसऱ्याचाच पाय बघतोय. म्हणाला, काही दुखत न्हाय गं, उगाच बोंबलू नको. आणि दोघांनीही ते नशीब समजलं. एवढा फोड आणि दुखत नाही! शकूनं त्यावर खोबरेल लावलं, हळद दाबली, फडकं गुंडाळलं. हेमालीला सांगू नको, असं दगडू म्हणाला आणि शकूनं ते मानलं. हात दाखवून अवलक्षण झालं होतं, ते लेकीला कशाला दाखवायचं?

त्या फडक्यावर चप्पल चढवून दगडू पाच दिवस आगरात गेला. खाऱ्या पाण्यात उभा राहिला. फोड कधी फुटला त्यालाच माहीत नाही. शनिवारी शेवटची रास शाकारली, बाबाजीनं सगळ्यांना चहा पाजला आणि दगडूच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, गड्या, तू आहेस तोवर आगर आहे. दगडू घरी आला तो खुशीत. अंगात कणकण होती, ती थकव्याची म्हणाला. हेमालीनं दारातच नाक मुरडलं. कसला वास येतो म्हणाली, आणि खाली बसून फडकं सोडलं. मग तिनं आईकडं बघितलं.

पुढलं सगळं झरझर झालं. डॉक्टरनं हात लावला नाही, चिठ्ठी लिहिली. रिक्षानं काशीमीरा, तिथून ओळखीच्या टेम्पोनं मुंबईचं मोठं सरकारी हॉस्पिटल. रक्तात साखर एवढी निघाली की वॉर्डातल्या सिस्टरनं कागद दोनदा वाचला. आधी दोन बोटं कापली. आठ दिवसांनी सांगितलं, विष वर चढतंय. गुडघ्याखाली पाय काढला तेव्हा ज्येष्ठ लागला होता.

पहिल्या दिवशीच मोठ्या डॉक्टरनं विचारलं होतं, हे भाजलं कसं? शकू पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिचं तोंड उघडलं होतं. दगडू तिच्या आधी बोलला.

"चुलीवरचं पाणी सांडलं, साहेब. माझ्याच हातनं."

डॉक्टरनं लिहून घेतलं. शकूनं तोंड मिटलं. आळीत, पाहुण्यांत, आगरात, सगळीकडं हीच कहाणी गेली. दगडूनं आपल्याच हातानं पाणी सांडलं, बिचाऱ्याचं नशीब. कुणी शकूकडं बोट दाखवलं नाही. हेमालीला खरं माहीत होतं, पण ती एका शब्दानं बोलली नाही. रोज दवाखान्यातून येताना बाबाच्या गोळ्या आणायची, लघवी तपासायच्या पट्ट्या आणायची, डबा उघडून जेवायची. आईनं वाढलं तर मुकाट खायची. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर शकूला झोप लागली असती.

दगडू आता ओट्यावर बसून असायचा. प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणायला शिकला होता. बाबाजी एकदा येऊन गेला, पुढल्या साली बघू म्हणाला, आणि जाताना त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकला नाही. दगडूचा वाफा कुणाला गेला ते दोघांनीही विचारलं-सांगितलं नाही.

शकूनं शेक बंद केला. कुणी आलं तर सांगायची, यांचं करण्यातच वेळ जातो. लोकांना पटायचंही. पण भाद्रपदात, गणपती उठल्यावर, संपदा आली. तिच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, वासंतीबाई. त्यांच्या पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, रात्रभर तक्रार. मावशी, तुमच्या हातचा शेक द्या ना दोन आठवडे, मी त्यांना तुमचं इतकं सांगितलंय!

शकू गव्हातले खडे काढत होती. तिचे हात थांबले. तिनं विचारलं, साखर हाय का त्यांना?

आहे थोडी, गोळ्या चालू आहेत. का हो?

मग गरम लावू नका, शकू म्हणाली. डॉक्टरला पाय दाखवा. संपदा हसली. मावशी, डॉक्टर काय, क्रीम देतात. तुम्हीच म्हणायचात ना, जुन्याला गरम? शकूनं पुन्हा नाही म्हटलं. संपदाचा चेहरा उतरला. तुम्हाला गरज होती तेव्हा येत होतात, आता भाव खाताय, असं तिनं तोंडानं म्हटलं नाही, पण म्हटल्यासारखंच केलं. ठीक आहे, मीठच तर भाजायचं असतं, मीच देईन, तुमचं बघून बघून शिकलेच आहे मी, म्हणाली आणि चपला घालायला वळली.

आता काय करायचं? गप्प बसलं असतं तर शकूचं नाव राहत होतं. नवऱ्यानं मोठ्या डॉक्टरसमोर खोटं बोलून ते राखलं होतं. आणि तिकडं पहिल्या मजल्यावर एक म्हातारी बाई पाय पुढं करून बसणार होती, आणि सून प्रेमानं विचारणार होती, लागतंय का. शकूच्या डोळ्यांसमोर ते उभं राहिलं. ती ओट्यावरून उतरली आणि संपदाचा हात धरला.

"संपदाताई, ह्यांच्यावर पाणी न्हाय सांडलं. मी शेकलं. मिठानं. ह्यांना लागत न्हवतं, म्हणून मी शेकतच राहिले. पाय माझ्यामुळं गेला."

संपदानं हात हळूच सोडवून घेतला. मग ओट्यावरच्या दगडूकडं एकदा बघितलं आणि निघून गेली. म्हातारीला त्याच आठवड्यात डॉक्टरकडं नेलं असं हेमालीच्या दवाखान्यातून कळलं. आणि दुसऱ्या दिवशी नळावर बायांचं बोलणं शकू आली तसं तुटलं, हेही झालं. ज्या बायांच्या कंबरा तिनं उभ्या केल्या त्यांतली एक तिच्या हंड्यापासून आपला हंडा सरकवून उभी राहिली. शकूला राग आला नाही. पाणी भरून ती घरी आली.

दगडू विणत नव्हता. पट्ट्या बाजूला पडल्या होत्या. तो म्हणाला, मी एवढं झाकलं व्हतं, तू कशाला उघडलंस? शकू म्हणाली, त्या बाईचे पाय व्हते ना. त्यावर दगडूनं मान हलवली. समोर नव्या बिल्डिंगीचं सिमेंट कालवणारं यंत्र घरघरत होतं. ते थांबलं तेव्हा तो बोलला.

"मी झाकलं ते तुझं न्हवं. माझं झाकलं."

शकूला कळेना. दगडूनं तिच्याकडं न बघता सांगितलं, आणि एकेक शब्द ओढून काढल्यासारखा सांगितला. पाय दिवाळीपासूनच मेला होता. खिळा रुतला तरी कळत नव्हतं, चप्पल गेली तरी कळत नव्हतं. आगरात सांगितलं असतं तर वाफा गेला असता. आणि घरी तू शेकायला बसलीस, तेव्हा पहिल्या दिवशीच सांगणार होतो की शेक ऊनसुद्धा लागत न्हाय.

"मग बरं वाटतंय म्हणून का सांगायचा?"

"तू विचारायचीस, बरं वाटलं का. तुझं तोंड असं उजळलेलं असायचं. माझ्यानं न्हाय म्हणवत न्हवतं."

शकू उभीच होती. हंड्याचं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं होतं आणि कंबर ओली झाली होती. त्या पंधरा संध्याकाळी तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या संध्याकाळी होत्या. तिला वाटलं, या माणसाच्या गळ्यात पडून रडावं, आणि वाटलं, याला धरून गदागदा हलवावं. तिनं दोन्हीही केलं नाही. ती त्याच्याजवळ ओट्यावर बसली आणि त्याच्या उरलेल्या पायावर हात ठेवला. तो पाय तरी हात ओळखतो का, हे विचारायची तिला भीती वाटली.

"एकदा न्हाय म्हणायचं व्हतं वो," ती म्हणाली. "एकदाच."

दगडूनं मान खाली घातली. तिचा हात आपल्या पायावर आहे, हे त्याला बघितल्यावरच कळलं.